पार्वताक्काची काळी कांडी

रेडिओ माणूस ऐकायला घेतो. आमच्या शेजारची पार्वताक्का तो गप्प करायला वापरायची. आणि त्या गप्प होण्यावरून तिनं माझं जे डोकं खाल्लं, ते अजून जागेवर आलेलं नाही. आता ती नाही. वाद घालायला समोर माणूस नसला की चीड जास्त येते, म्हणून हे लिहायला बसलो.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं रेल्वेच्या गँगमध्ये रुळावर हाडं झिजवली. रेडिओ दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. स्वतःचे हात पोळून आणि लोकांचे दोन-चार सेट कायमचे मारून शिकलो. हे आधीच सांगतो, कारण पार्वताक्का हयातभर "मारुतीला काय कळतंय" म्हणत फिरली. मला कळत होतं.

कॅसलरॉकपासून आत रानात आमची वाडी. घरं थोडी, तीही लांब लांब. तिचं घर माझ्या घरासमोर, मध्ये फक्त एक वहाळ. अंगानं बुटकी, हाडानं रुंद, कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. कोयता झोपतानाच काढायची. पेज उभ्यानंच प्यायची. घरातून निघताना "येते" म्हणायची नाही, आल्यावर "आले" म्हणायची नाही. तुमच्याशी बोलता बोलता चालू लागायची. तुमचं वाक्य अर्धं राहिलं तर ते तुमचं तुम्ही बघून घ्यायचं.

तिला डावं-उजवं ठाऊकच नव्हतं. तिच्याकडं दोनच दिशा, वर आणि खाली. उगवतीकडं घाटमाथा, ते वर. मावळतीकडं उतार आणि पुढं गोवा, ते खाली. घरातसुद्धा हेच. सुनेला सांगायची, "त्यो हंडा जरा वर सरकव." माहेराहून नवी आलेली सून हंडा उचलून फळीवर ठेवायला बघायची, आणि मग ही तिच्यावर करवादायची. एकदा बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "आजी, कुठं जायचं?" ही म्हणाली, "खाली." तो म्हणाला, "मग उतरा की, गाडी उभीच हाय." सगळी बस हसली. ती हसली नाही. कंडक्टर अडाणी आहे, असं मला पुढं कितीतरी दिवस सांगत होती.

रेडिओ तिला थोरल्या मुलानं, महादेवानं आणून दिला. तोही ऐकायला नव्हे. ती रोज एकटी रानात जायची. पावसाळ्यात आळंबी, उन्हाळ्यात मुरगाल म्हणजे कोकमं, मधल्या दिवसांत कंद, शिकेकाई, जे मिळेल ते. आमच्याकडं अस्वलं आहेत. अस्वल दचकलं की अंगावर येतं, आणि लांबून आवाज कानावर पडला की आपणहून बाजूला होतं. म्हणून सेट गळ्यात अडकवायचा आणि बोलता ठेवायचा. घरी मात्र कधी लावायची नाही. "घरात काय अस्वल हाय?" म्हणायची.

आमच्या रानात मिडियम वेव्हवर दोन स्टेशनं नीट लागायची. एक उगवतीला, घाटावरचं. दुसरं मावळतीला, गोव्याकडचं. तिच्या भाषेत वरचं आणि खालचं. तिच्या सेटचा काटा कायम वरच्यावर असायचा.

एकदा श्रावणात ती धुक्यात सापडली. आमच्याकडचं धुकं म्हणजे हातातला कोयता दिसत नाही. सूर्य नाही, वाट नाही. ती एका दगडावर बसली आणि गळ्यातला सेट इकडून तिकडं वळवत राहिली, काही उद्योग नाही म्हणून. वळवता वळवता गाणं बारीक होत गेलं आणि एका जागी गपकन थांबलं. थोडं पुढं वळवलं, परत सुरू. मागं आणलं, परत गप्प. सेटचं टोक जिकडं होतं तिकडं ती चालू लागली आणि सरळ आपल्या मागल्या दारात आली.

ही गोष्ट तिनं वाडीतल्या प्रत्येकाला सांगितली. मला तर कितीदा तरी. शेवट ठरलेला असायचा. "देवानं दाखवलं न्हाई, शेजाऱ्यानं दाखवलं न्हाई. माझं मला दिसलं."

शेजारी म्हणजे मी.

आता यात चमत्कार काही नाही. सेटच्या आत, वरच्या अंगाला, पेन्सिलीपेक्षा जाड अशी एक काळी कांडी आडवी असते. तिच्यावर केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली. बाहेर जी चकचकीत काठी ओढून उंच करतात, ती मिडियम वेव्हच्या उपयोगाची नाही. सगळं काम आतल्या कांडीचं. स्टेशनातून लाट येते, तिच्यात चुंबकाचा जोर असतो, आणि तो लाटेच्या वाटेला आडवा हलत असतो. कांडी स्टेशनाला आडवी धरली की तो जोर लांबून लांबून कांडीत गोळा होतो, तारेच्या वेटोळ्यांतून जातो, आणि तारेत वीज हलते. तेच तुमचं गाणं. पण कांडीचं टोक स्टेशनाकडं केलं, की जोर तिला आडवा पडतो. वेटोळ्यांतून काही जात नाही. सेट गप्प. म्हणजे गप्प झाला की समजायचं, कांडी स्टेशनाच्या रेषेत आहे.

पार्वताक्काला हे सांगितलं तर म्हणाली, "येवढं कशाला? माणूस झोपलाय. कुशीकडनं हाक मारली तर उठतोय, डोक्याकडनं मारली तर न्हाई उठत."

मी म्हटलं, "आक्का, डोक्याकडनं तर कान जवळ असतात."

"तुज्या घरात असत्याल," ती म्हणाली, आणि चालू लागली.

बरं, इथवर तिची अक्कल ठीक होती. पुढं तिनं सेटच्या एका टोकाला कुंकू लावलं. हे टोक घराचं. सेट सुम्ने झाला की कुंकू जिकडं, तिकडं घर. गप्पला ती सुम्ने म्हणायची, आमच्याकडं कानडीतला हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो.

मी तिच्या अंगणात उभं राहून सांगितलं, "आक्का, दोन्ही टोकं सारखीच. ह्ये बग." सेट उलटा फिरवला, कुंकू मावळतीकडं. सेट तसाच गप्प. "आता कुठं हाय घर? खाली गोव्यात?"

तिनं सेटकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तुज्या हातात त्ये चेष्टा करतंय," म्हणाली. "माज्या हातात करत न्हाई."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. कांडी चेष्टा करते? कांडी रेषा दाखवते, रेषेचं कुठलं टोक धरायचं ते दाखवत नाही. ही बाई रानात कशी चुकत नव्हती, ते मला ठाऊक होतं. तिचं सगळं रान वाडीच्या मावळतीला, उताराला. घरी येताना चढ लागलाच पाहिजे. तिच्या पायांना तो चढ लहानपणापासून पाठ होता. रेषा कांडी सांगायची, टोक पाय सांगायचे, आणि मान मिळायचा कुंकवाला.

मग एका पावसाळ्यात ती वहाळाच्या दगडावर घसरली. तिला खरचटलंही नाही. सेट मात्र दगडावर आपटला आणि आतली कांडी मोडली. ती कांडी दिसायला लोखंडासारखी, पण असते कपबशीसारखी. पडली की दोन तुकडे.

सेट माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "ह्यात लोखंडाची सळी घाल. परत मोडायला नगो."

"लोखंड चालत न्हाई, आक्का."

"लोखंडाला चुंबक लागतंय का न्हाई?"

"लागतंय."

"मग?"

आता हिला कसं सांगायचं? लोखंडही तो जोर ओढतं, पण ओढलेला आतल्या आत गिळून बसतं. लाट क्षणात लाख वेळा पालटते, लोखंडात ती फिरून फिरून नुसती ऊब होऊन जाते. ती काळी कांडी भट्टीत भाजलेल्या पुडीची असते. ती ओढते, पण गिळत नाही. इतकं सगळं मी सांगितलं. ती म्हणाली, "घालायला येत न्हाई म्हणून सांग."

घातली. तिच्यासमोर लोखंडाची सळी घालून तार चढवली. सेट मेल्यासारखा. कुठंही वळवा, नुसता खर्र आवाज. मला वाटलं, आता तरी मान्य करेल. तर म्हणते कशी, "व्हता त्यो बी घालवलास."

शेवटी मी मोडलेले तुकडेच घेतले. मोडल्या जागी बारीकसा चरा राहिला तरी जोर तिथं सांडतो. म्हणून कड कडेला नीट बसवून, डिंक अगदी पातळ लावून, दोऱ्यानं आवळून वाळवले. मग तारेचं वेटोळं कांडीवर केसाकेसानं पुढं-मागं सरकवत वरचं स्टेशन जिथं सगळ्यात मोठं बोललं तिथं थांबलो, आणि वर मेणबत्तीचं मेण ओतून पक्कं केलं. अख्खी दुपार गेली. सेट पहिल्यासारखा झाला. पहिल्यापेक्षा बरा झाला, असं मी म्हणेन.

ती आली. सेट गळ्यात अडकवला, अंगणात एक फेरी वळवला. गप्प झाला, बोलला, गप्प झाला. दुसऱ्या दिवशी रानात गेली. ती परत आली का, हे मी संध्याकाळी वहाळापलीकडं बघत होतो. आली. मोठं आळंब पानात गुंडाळून माझ्या पायरीवर ठेवलं आणि गेली. तिच्याकडून मला मिळालेली शाबासकी एवढीच.

त्यानंतर पुढच्या भाद्रपदात वरचं स्टेशन मिडियम वेव्हवरून बंद झालं. आता लोक फोनवर ऐकतात, एफेमवर ऐकतात, मिडियम वेव्हला कोण विचारतं? आमच्या वाडीत फोनला रेंज नाही आणि एफेम डोंगराआड येत नाही, पण वाडीला विचारून कोण काय बंद करतं? मला ते कळलं नाही, मी घरी खालचं लावतो. तिला कळलं नाही, ती घरी लावतच नव्हती.

ती सकाळी रानात गेली. सेट नुसता खरखरला, तो पावसामुळं असं समजून तशीच पुढं गेली. दुपारी धुकं उतरलं. दिवस मावळला तरी ती आली नाही. महादेव, मी, वाडीतले सगळे बापई हाका मारत फिरलो, पण त्या धुक्यात हाक दहा झाडांपलीकडं जात नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाटातल्या रुळाच्या कडेला सापडली, वाडीपासून पार खाली, गोव्याच्या अंगाला. पायाला जळवा लागलेल्या, लुगडं फाटलेलं, सेट गळ्यात. रेल्वेच्या माणसांनी चहा दिला होता, तो हातात तसाच निवलेला.

महादेव रडायला लागला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. मला म्हणाली, "मारुती, तुजी कांडी खोटी."

मी सेट घेतला, चालू केला. नुसता खर्र. वळवला, तोच खर्र. वरच्या स्टेशनाच्या जागी काही नव्हतंच. काटा जरा सरकवला, तर खालचं स्टेशन ढणढणीत बोलायला लागलं.

"आक्का, कांडी बरोबर हाय. स्टेशनच न्हाई. बंद झालंय त्ये."

"स्टेशन कसं बंद हुईल? त्ये काय दुकान हाय?"

मी विचारलं, "अगं, पण चढ-उतार पायाला कळला न्हाई तुला? घर वर असताना तू उताराला कशी लागलीस?"

तिनं निवलेला चहा खाली ठेवला. मग म्हणाली, "पाय म्हणत व्हते चढाला चल. ही फिरवली तर सगळीकडं सारखीच खरखर. एका जागी जरा कमी वाटली. कुंकू उताराकडं व्हतं. मी हिचं ऐकलं."

आता यावर माणसानं करावं काय? आयुष्यात या बाईनं माझं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाही. आणि मी चिकटवलेल्या कांडीवर तिनं असा भरवसा टाकला, की स्वतःचे पाय खोटे ठरवले. तेही कांडीपाशी सांगायला काहीच नव्हतं तेव्हा.

महादेवानं त्याच दिवशी तिच्या कमरेची आकडी कोयत्यासकट सोडून घेतली. "आता रान बंद, आई." तो चुकला असं मी म्हणत नाही. त्यानंतर ती उंबऱ्यावर बसायला लागली. जी बाई पेजसुद्धा बसून पीत नव्हती, ती दिवसभर बसून. सून म्हणायची, "मामा, काय तरी करा. ह्या बोलत पण न्हाईत, भांडत पण न्हाईत."

करायचं होतं काय? काटा बोटभर सरकवायचा होता. एवढंच. मी महादेवाला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "ती खालच्या स्टेशनावर वाट काढून दाखवू दे, मी आकडी परत देतो. मी बी काय तिला बांधून घालायला टपलोय व्हय, काका?"

मी तिच्या अंगणात गेलो. मातीत काठीनं लांब रेघ ओढली. "ह्ये वरचं स्टेशन, ह्ये खालचं. मधी आपली वाडी. रेघ एकच हाय, आक्का. कांडी खालच्यावर सुम्ने झाली तरी ह्याच रेघंत पडती. एक टोक गोव्याकडं, दुसरं घराकडं. तुला टोक पाय सांगत्यातच."

ती रेघेकडं बघत होती. मला वाटलं, उतरलं डोक्यात.

"म्हंजे खालच्याकडं कांडी धरून वर यायचं?"

"व्हय."

"मग चालू कशी? पाठीनं?"

"पाठीनं कशाला? दुसऱ्या टोकाकडं तोंड करायचं."

"जिकडं त्ये बोलवतंय तिकडं पाठ करायची?"

"त्ये बोलवत न्हाई गं, आक्का. ती नुसती रेघ हाय."

"तुज्यासाठी रेघ," ती म्हणाली. "मी कदी खालच्याकडं बगून घरला आले न्हाई. आनि येनार न्हाई."

मी सेट तिच्या हातात द्यायला गेलो. "एकदा फिरवून तर बग. अंगणातच." तिनं हात पदराखाली घेतले. मी रोज गेलो. समजावलं, चिडलो, एकदा सेट तिच्या पायाशी आपटायलाही निघालो होतो. कांडी आठवली म्हणून थांबलो. तिचं एकच, "वरचं सुरू झालं की सांग."

ते सुरू होणार नव्हतं. हे मी सांगत होतो आणि ती मीच ते बंद केल्यासारखं माझ्याकडं बघत होती.

दिवाळी झाल्यावर धाकटा गणपत आला. तो वास्कोला कामाला. म्हणाला, "आई हितं उंबऱ्यावर बसून मरंल. मी न्हेतो तिला." तिला विचारलं, तर ती "न्हे" म्हणाली. इतक्या सहज, की मीच चरकलो.

कॅसलरॉकपर्यंत जीपनं आम्ही सगळे गेलो. गाडीला वेळ होता. ती प्लॅटफॉर्मवर गाठोड्यावर बसली होती, सेट मांडीवर, बंद. गणपत तिकिटाला गेला होता, महादेव चहा आणायला. मी शेजारी बसलो. आणि शेवटी परत स्टेशनाचंच काढलं.

"तिकडं खालचं स्टेशन लई मोठं लागंल. लोखंडाच्या डब्यात मात्र न्हाई लागायचं. लोखंड सगळं आडवतंय. खिडकीच्या गजांशी धरायचा, तर थोडं येतंय."

"मला काय करायचंय?"

"नगो करू. सांगून ठेवलं."

"तुला सांगायची लई हौस."

"तुला ऐकायची न्हाई, म्हणून आसंल."

ती जराशी हसली. भाद्रपदानंतर पहिल्यांदाच. "आकडी महादेवाकडं हाय," म्हणाली. "गंजू देऊ नगोस म्हणाव."

गाडी आली. गणपतनं तिला आत चढवलं आणि पुढं तोंड करून बसायची जागा धरली. तिला काही ते पटलं नाही. समोरच्या बाकावरच्या एका बाईला उठवलं आणि तिच्या जागी मागं तोंड करून बसली. गणपत काहीतरी समजावत होता. ती ऐकत नव्हती, हे मला बाहेरूनही कळत होतं.

गाडी हलली. तिनं हात वगैरे केला नाही, करणारही नव्हती. तिनं मांडीवरचा सेट उचलला, चालू करायचं बटण फिरवलं. मग अंगठ्यानं काट्याचं चाक सरकवलं. थोडंसंच. आणि सेट खिडकीच्या गजांशी आणून धरला.

पुढं रूळ वळतो. तो वळणावरचा रूळ मी कितीदा हातानं सारखा केलेला आहे. डबा वळायला लागला तसा तिच्या हातातला सेट उलट्या बाजूला फिरला, मग आणखी थोडा. भरलेली घागर हिंदकळू नये म्हणून माणूस हात सांभाळतो, तसा. गाडी वळत होती आणि सेट आपली रेघ सोडत नव्हता. एक टोक गाडी जाते तिकडं, दुसरं मागं, वर, आमच्याकडं. ती त्या मागच्या टोकाकडं बघत होती.

सेट बोलत होता का गप्प होता, ते खडखडाटात मला ऐकू आलं नाही. मी खिडकीबरोबर थोडा पळालो. "आक्का, लागलं का?" म्हणून हाक मारली. तोवर डबा वळणाआड गेला होता.